थॅलेसेमिया आणि शरीरातील लोहाचे उत्सर्जन

थॅलेसेमिया हा रक्तातील हिमोग्लोबिनच्या निर्मितीशी संबंधित असलेला आनुवंशिक रक्तविकार आहे. माता आणि पिता या दोघांकडून सदोष जनुक मिळालेल्या अपत्यात हा विकार तीव्र स्वरूपात प्रकट होतो. अशा बालकाला साधारणपणे वयाच्या पहिल्या दोन वर्षांतच रक्तसंक्रमणाची, म्हणजे बाहेरून रक्त देण्याची गरज भासू लागते व ती पुढे आयुष्यभर राहते. दिलेल्या रक्ताने रुग्णाचे प्राण वाचतात; परंतु त्या रक्ताबरोबर शरीरात येणारे लोह बाहेर टाकण्याची कोणतीही नियंत्रित व्यवस्था मानवी शरीरात नाही. नियमित रक्त मिळणाऱ्या रुग्णाच्या आयुष्याची लांबी पुष्कळशी या साचलेल्या लोहावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात बीटा थॅलेसेमियाचा विचार मुख्यतः याच अंगाने केला आहे.

नाव आणि इतिहास

'थालासा' म्हणजे समुद्र आणि 'हैमा' म्हणजे रक्त या ग्रीक शब्दांवरून हे नाव तयार झाले. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला 'कूलीचा पांडुरोग' असेही म्हटले जाई. आरंभी आढळलेले बहुतेक रुग्ण इटालियन व ग्रीक वंशाचे होते. त्यामुळे भूमध्य समुद्राच्या काठचा हा रोग असावा, अशी समजूत झाली आणि १९३० च्या दशकात जॉर्ज व्हिपल व विल्यम ब्रॅडफर्ड यांनी समुद्रसूचक नाव योजले. ही समजूत पुढे चुकीची ठरली. भूमध्य प्रदेशापासून पश्चिम आशिया, भारत आणि आग्नेय आशियापर्यंतच्या मोठ्या पट्ट्यात हा विकार आढळतो. ज्या प्रदेशांत पूर्वी हिवतापाचा प्रादुर्भाव होता, त्या प्रदेशांशी हा पट्टा बराचसा जुळतो. या जनुकाची एकच प्रत असणाऱ्या व्यक्तीला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि म्हणूनच हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, असे मानले जाते.

आनुवंशिकता

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनशृंखला असतात आणि प्रत्येक शृंखलेला लोहाचा अणू धारण करणारा 'हीम' हा गट जोडलेला असतो. बीटा शृंखलेचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात दोनशेहून अधिक प्रकारचे उत्परिवर्तन आढळले आहे.

दोनपैकी एकाच जनुकात दोष असेल, तर ती व्यक्ती 'वाहक' (थॅलेसेमिया मायनर) असते. वाहक हा रुग्ण नसतो. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात, एवढेच. स्वतः वाहक असल्याचे अनेकांना जन्मभर कळत नाही. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य तीव्र रुग्ण (थॅलेसेमिया मेजर) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. येथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'चारांतले एक आजारी निघाले, आता पुढची तीन सुरक्षित' असा हिशेब अनेक कुटुंबे मनाशी मांडतात. तो चुकीचा आहे. प्रत्येक खेपेला नाणेफेक नव्यानेच होते.

मृत रक्तपेशींची विल्हेवाट

चयापचयातून निर्माण होणारे निरुपयोगी किंवा घातक पदार्थ बाहेर टाकण्याच्या क्रियेला उत्सर्जन म्हणतात. प्राण्यांत कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो. नत्रयुक्त कचरा मासे मुख्यतः अमोनियाच्या रूपात, पक्षी यूरिक आम्लाच्या रूपात आणि मनुष्य यूरियाच्या रूपात बाहेर टाकतो. वनस्पतींना मूत्रपिंडासारखे इंद्रिय नाही. त्या अनेक पदार्थ पेशींतील रिक्तिकांत, सालीत किंवा गळून पडणाऱ्या पानांत साठवून ठेवतात. अळूचे पान कच्चे खाल्ल्यास घसा खाजतो, तो अशाच साठवलेल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे स्फटिक वनस्पतीच्या संरक्षणाच्याही कामी येतात. टाकणे आणि साठवणे या दोन रीती पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवाव्यात.

मानवी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. जीर्ण पेशींना प्लीहा (पाणथरी), यकृत व अस्थिमज्जा येथील भक्षकपेशी गिळतात आणि हिमोग्लोबिनचे तीन भाग करतात. प्रथिनशृंखलांपासून अमिनो आम्ले मिळतात, ती पुन्हा वापरली जातात. हीममधील कड्यासारख्या भागापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. ते रक्तातून यकृतात जाते, तेथे पाण्यात विरघळण्याजोगे बनते आणि पित्तामार्गे आतड्यात उतरते. विष्ठेचा तपकिरी व मूत्राचा पिवळा रंग त्याच्याच रूपांतरांमुळे येतो. मार लागून काळानिळा झालेला डाग काही दिवसांनी हिरवट व नंतर पिवळा होतो, तेव्हा हीच रासायनिक क्रिया त्वचेखाली उघड्या डोळ्यांनी दिसत असते.

तिसरा भाग लोहाचा. त्याला शरीर बाहेर जाऊ देत नाही.

लोहाला बाहेरची वाट नाही

प्रौढ शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातील सुमारे दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. नव्या रक्तपेशी तयार करण्यासाठी दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. ते जवळजवळ सर्व मृत पेशींतून परत मिळवलेले असते. अन्नातून दररोज शोषले जाणारे लोह केवळ १ ते २ मिलिग्रॅम असते. तितकेच लोह आतड्याच्या अस्तराच्या व त्वचेच्या गळणाऱ्या पेशींबरोबर, घामाबरोबर आणि स्त्रियांमध्ये मासिक स्रावाबरोबर बाहेर जाते. ही गळती आहे, उत्सर्जन नव्हे. कारण शरीरात लोह वाढले म्हणून ती त्या प्रमाणात वाढत नाही. रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३७ मध्ये हे तत्त्व मांडले : शरीरातील लोहाचे नियमन उत्सर्जनाने होत नाही, शोषणाने होते. घराला मागचे दार नाही, म्हणून पुढच्या दारावरच पहारा आहे.

हा पहारा कोण करतो, हे कळायला २००० साल उजाडले. यकृतात तयार होणारे 'हेप्सिडिन' हे संप्रेरक त्या सुमारास सापडले. शरीरात लोह पुरेसे असले, की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून रक्तात लोह येण्याचा मार्ग बंद होतो. शिल्लक लोह 'फेरिटिन' या पोकळ प्रथिनात साठवले जाते. फेरिटिनच्या एका रेणूत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. लोहाच्या बाबतीत मानवी शरीर असे वनस्पतीसारखे, म्हणजे साठवणुकीच्या रीतीने वागते. उत्क्रांतीच्या दीर्घ काळात अन्नातील लोह दुर्मीळ आणि रक्तस्राव वारंवार होणारा, अशा परिस्थितीत ही काटकसर फायद्याची ठरली असावी. पिशवीतून रक्त चढवले जाण्याचा प्रसंग निसर्गाच्या हिशेबात नव्हता.

शालेय पाठ्यपुस्तकांत उत्सर्जनसंस्थेच्या धड्यात मूत्रपिंड, त्वचा आणि फुप्फुसे यांचे वर्णन असते. शरीर काय बाहेर टाकू शकत नाही, याचा उल्लेख क्वचितच येतो.

थॅलेसेमियात काय घडते

बीटा शृंखला पुरेशा तयार होत नाहीत, म्हणून जोडीदाराविना उरलेल्या अल्फा शृंखला पेशीतच साका होऊन बसतात आणि पेशीचे आवरण बिघडवतात. अशा बहुसंख्य पेशी अस्थिमज्जेतच, रक्तात येण्यापूर्वीच मरतात. शरीर कमतरता भरून काढण्यासाठी मज्जेचा विस्तार करते. उपचार न मिळालेल्या बालकाच्या कपाळाची व गालांची हाडे त्यामुळे पुढे येतात, हाडे ठिसूळ होतात आणि प्लीहा पोटात हाताला लागेल इतकी वाढते. पेशींचा नाश अधिक झाल्याने बिलिरुबिनही अधिक तयार होते. डोळे पिवळे दिसतात, लहान वयात पित्ताशयात खडे होतात. बिलिरुबिनला निदान पित्ताची वाट तरी उपलब्ध असते.

लोहाचा प्रश्न दुहेरी आहे. मज्जेतील निष्फळ धडपडीमुळे हेप्सिडिन दबून जाते. शरीरात लोह तुडुंब असतानाही, 'रक्त कमी आहे, लोह हवे' असा चुकीचा निरोप आतड्याला मिळत राहतो आणि अन्नातील लोह अधिक शोषले जाते. त्यामुळे क्वचितच रक्त लागणाऱ्या मध्यम स्वरूपाच्या रुग्णातही (थॅलेसेमिया इंटरमीडिया) वयानुसार लोह साचते. नियमित रक्त घेणाऱ्याचा हिशेब अधिक स्पष्ट आहे. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. प्रौढ रुग्णाला महिन्याला दोन पिशव्या लागल्या, तर वर्षाला २४ पिशव्यांतून सुमारे ५ ग्रॅम लोह शरीरात येते. म्हणजे निरोगी माणसाच्या अंगात एकूण असते त्याहून अधिक. नैसर्गिक गळतीने वर्षभरात एक ग्रॅमही जात नाही.

साचलेल्या लोहाचे परिणाम

रक्तात लोह वाहून नेणारे 'ट्रान्सफेरिन' हे प्रथिन पूर्ण भरले, की मोकळे लोह रक्तात फिरू लागते. ते हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या पेशींत शिरते व तेथे घातक मुक्त मूलके निर्माण करते. यकृतात तंतुमयता येते. स्वादुपिंड बाधित झाल्यास मधुमेह होतो. पीयूष ग्रंथी बाधित झाल्यास उंची खुंटते, वयात येणे लांबते किंवा घडतच नाही. चौदा-पंधरा वर्षांचे मूल आठ-नऊ वर्षांचे दिसते, यामागे बहुधा हेच कारण असते. सर्वांत गंभीर परिणाम हृदयावर होतो. लोह काढण्याचे उपाय उपलब्ध होण्यापूर्वी, नियमित रक्त मिळालेली मुलेही दहा ते वीस या वयांत हृदय निकामी होऊन दगावत असत. रक्त न मिळालेली त्याआधीच, बहुधा पाच वर्षांच्या आत जात.

साठ्याचा अंदाज रक्तातील फेरिटिनच्या चाचणीवरून घेतात. हे प्रमाण जंतुसंसर्गातही वाढते आणि हृदयातील लोहाविषयी त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी 'टी-टू-स्टार' पद्धतीची एमआरआय तपासणी करतात. तिचे मूल्य २० मिलिसेकंदांपेक्षा कमी आल्यास हृदयात लोह साचल्याचे समजतात.

लोहबंधक औषधे

शरीरात नसलेले मागचे दार औषधाने उघडावे लागते. लोहाला घट्ट पकडून त्याच्यासह मूत्रातून किंवा विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या औषधांना लोहबंधक (कीलेटर) म्हणतात. साधारणपणे दहा ते वीस वेळा रक्त दिल्यानंतर, किंवा फेरिटिन १,००० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या वर गेल्यावर ती सुरू केली जातात.

यांतील पहिले यशस्वी औषध डेस्फेरिऑक्सामिन होय. त्याचे मूळ मातीत आहे. जमिनीत लोह विपुल असले, तरी ते न विरघळणाऱ्या स्वरूपात असते. ते ओढून घेण्यासाठी अनेक सूक्ष्मजीव लोहाला धरणारे रेणू बाहेर सोडतात. 'स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस' या सूक्ष्मजीवाच्या अशा रेणूपासून १९६० च्या सुमारास हे औषध मिळाले. सूक्ष्मजीवाने लोह मिळवण्यासाठी घडवलेले साधन मनुष्याने लोह टाकण्यासाठी वापरले. औषध घेतल्यावर मूत्राला तांबूस छटा येते. ती म्हणजे बाहेर पडणारे लोह. परंतु हे औषध पोटातून घेता येत नाही आणि रक्तात फार वेळ टिकत नाही. म्हणून पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई टोचून लहान पंपाने ते आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यावे लागते. ज्या घरात रोज रात्री मुलाला सुई टोचण्याचे काम आईला करावे लागते, त्या घरात औषध चुकण्याचे कारण निष्काळजीपणात शोधू नये. विशेषतः पौगंडावस्थेतील मुले या उपचाराला कंटाळतात आणि साचलेल्या लोहामुळे लगेच काही दुखत-खुपत नसल्याने तो सोडून देतात.

तोंडावाटे घेण्याच्या डेफेरिप्रोनला प्रथम मान्यता देणाऱ्या देशांत भारताचा समावेश होतो; १९९० च्या दशकाच्या मध्यास ते येथे मिळू लागले. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये परवानगी मिळाली. हे औषध दिवसातून तीनदा घ्यावे लागते आणि त्याने काढलेले लोह मूत्रावाटे जाते. हृदयातील लोह काढण्यात ते विशेष उपयुक्त ठरले आहे. काही रुग्णांत मात्र ते पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटवते. म्हणून नियमित रक्ततपासणी आवश्यक असते आणि ताप आल्यास औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे लागते. २००५ मध्ये आलेले डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदाच घेतात. त्याने पकडलेले लोह मुख्यतः पित्तामार्गे विष्ठेतून बाहेर पडते. या औषधाच्या काळात मूत्रपिंड व यकृत यांच्या कार्यावर लक्ष ठेवावे लागते.

आहार व गैरसमज

'रक्त कमी आहे' या शब्दांबरोबर आपल्याकडे गूळ, खजूर, बीट, लोखंडी कढईतली पालेभाजी आणि लोहाच्या गोळ्या असे उपाय आपोआप सुचवले जातात. आयुर्वेदातही पांडुरोगावर लोहभस्माचे कल्प सांगितले आहेत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात लोह देणे योग्यच आहे. थॅलेसेमियाच्या रुग्णात मात्र लोह कमी नसून अधिक असते, आणि टॉनिकच्या रूपाने ते वाढवणे अपायकारक आहे. वाहकांच्या बाबतीतही वारंवार चूक होते. त्यांच्या लहान आकाराच्या पेशी पाहून लोहाची कमतरता गृहीत धरली जाते व महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. वाहकातही लोहाची कमतरता असू शकते, परंतु ती तपासून ठरवावी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोहाचे शोषण घटते. निरोगी माणसाला ही सवय अयोग्य असली, तरी थॅलेसेमियाच्या रुग्णाला डॉक्टर तिचा सल्ला देतात. क जीवनसत्त्वाची पूरक औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्याचा आणि दरवर्षी सुमारे १०,००० ते १२,००० तीव्र रुग्ण जन्मास येत असल्याचा अंदाज आहे. जातीअंतर्गत विवाहाच्या प्रथेमुळे हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, बंगाली इत्यादी समाजांत ते अधिक आढळले आहे. याचा अर्थ अन्य समाज मुक्त आहेत असा नव्हे. विदर्भात सिकलसेल या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. माता-पित्यांपैकी एक सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असल्यास अपत्यात दोहोंचा मिश्र विकार उद्भवू शकतो. विवाहापूर्वी केवळ एकच चाचणी करून थांबणाऱ्यांना याची कल्पना नसते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था या विकारांवर संशोधन करते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात थॅलेसेमियाचा समावेश केलेला आहे.

महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात, रक्तदान शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. शस्त्रक्रिया काही वेळा पुढे ढकलता येते. थॅलेसेमियाच्या मुलाची तीन-चार आठवड्यांची पाळी ढकलली, तर हिमोग्लोबिन उतरते आणि मज्जेची निष्फळ धडपड पुन्हा सुरू होते. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन नेमका याच दिवसांत येतो.

निदान व प्रतिबंध

वाहकाच्या रक्तात 'हिमोग्लोबिन ए-टू' चे प्रमाण साधारणतः ३.५ टक्क्यांपेक्षा अधिक असते. ते एचपीएलसी पद्धतीने मोजतात. प्राथमिक चाळणीसाठी 'नेस्ट्रॉफ्ट' ही अत्यंत स्वस्त चाचणी आहे. एका परीक्षानळीत मिठाचे सौम्य (०.३६ टक्के) द्रावण घेऊन त्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळी रेघ असलेला कागद धरतात. सामान्य पेशी फुटतात, द्रावण पारदर्शक होते आणि रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी फुटण्यास विरोध करतात, द्रावण गढूळ राहते आणि रेघ अस्पष्ट दिसते. अशा व्यक्तीची पुढील तपासणी करतात.

दोन्ही जोडीदार वाहक असल्यास गर्भारपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भवेष्टनाच्या अंकुरांचा नमुना घेऊन गर्भाचे निदान करता येते. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून विवाहपूर्व तपासणीचा कार्यक्रम राबवला गेला आणि तीव्र रुग्णांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे ही चाचणी करण्यास आडवा येतो तो खर्च नव्हे, तर 'मुलीत दोष निघाला' असे बोलले जाण्याची भीती. वस्तुतः वाहक असणे हा आजार नाही, आणि एकच जोडीदार वाहक असल्यास अपत्यात थॅलेसेमिया मेजर उद्भवत नाही.

मूलगामी उपचार

जुळणाऱ्या दात्याच्या, बहुधा सख्ख्या भावंडाच्या, अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा सर्वाधिक अनुभव असलेला कायमचा उपचार आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिॲटल व इटलीत पेसारो येथे त्याची सुरुवात झाली. यकृतात लोह कमी साचलेल्या लहान मुलांत तो अधिक यशस्वी होतो. म्हणजे लोहबंधक औषधे नियमित घेण्याचा लाभ येथेही मिळतो. रुग्णाच्याच मूलपेशींत जनुकीय दुरुस्ती करण्याच्या उपचारांना अलीकडे काही देशांत मान्यता मिळाली आहे. 'क्रिस्पर' तंत्रावर आधारित उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

प्रत्यारोपण यशस्वी झाल्यावर रक्त चढवणे थांबते, पण आधी साचलेले लोह अवयवांत तसेच असते. हिमोग्लोबिन पुरेसे वाढल्यावर अशा व्यक्तीचे थोडे थोडे रक्त ठराविक काळाने काढून घेतात. नवे रक्त तयार करण्यासाठी मज्जा साठ्यातील लोह वापरते आणि दर खेपेस साठा काहीसा घटतो. ज्या मुलाला वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागले, त्याच्या अंगातील लोह शेवटी त्याच्याच रक्ताबरोबर बाहेर काढता येते.